नालबंद आणि मिस्त्री

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला घोड्याची आठवण सहसा होत नाही. कापूरबावडीहून निघावे, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही नावे एकामागून एक मागे टाकावीत. डाव्या हाताला येऊरचे डोंगर, उजव्या हाताला खाडी, आणि पुढे गायमुखाचा चढ. हल्ली उंच इमारती आणि मेट्रोचे खांब यांच्या गर्दीतून डोंगरही डोकावून पाहावा लागतो. परंतु ज्या गावाने या रस्त्याला नाव दिले ते त्याच्या दुसऱ्या टोकाला, खाडीच्या काठी, आपला जुना किल्ला सांभाळून अजून उभे आहे. परदेशातून आणलेले घोडे येथे गलबतांतून उतरत, म्हणून हे घोड्यांचे बंदर, अशी नावाची उपपत्ती सांगतात. किल्ला पोर्तुगीजांचा, चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला.

मला मात्र या रस्त्यावर घोडा आठवला तो १९९६ सालच्या भाऊबीजेला. आणि तोही मोटारसायकल ढकलताना.

माझ्याजवळ त्या वेळी शंभर सी.सी.ची एक फोर-स्ट्रोक मोटारसायकल होती. गुणी गाडी. पण काही दिवसांपासून इंजिनातून बारीक टिकटिक येऊ लागली होती. मला तिची सवय झाली होती, परंतु एके दिवशी मी फाटकात गाडी लावत असताना सौभाग्यवतींनी खिडकीतून विचारले, "आज शिवणयंत्र घेऊन आलात की काय?" झाले! आता ती टिकटिक मलाही ऐकवेना. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. एका दुकानात गाडी नेली आणि तेथल्या पोराला सांगितले, "बाबा रे, बाकी काही करू नकोस, हा आवाज तेवढा घालव."

त्याने वीस मिनिटांत आवाज घालवला. इंजिन असे मऊ चालू लागले की मी त्याला वर बक्षीस दिले. चार पैसे जास्त घे, दिवाळी आहे, असेही म्हणालो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्यात माझा वाटा किती होता हे वाचकांना कळावे.

भाऊबीजेच्या दुपारी आम्ही दोघे वसईला माझ्या बहिणीकडे निघालो. कासारवडवली सोडेपर्यंत गाडीचा ओढ कमी वाटत होता. गायमुखाच्या चढावर सायलेन्सरमधून फटफट असे बार निघाले, गाडीने दोनदा मान टाकली आणि ती बंद पडली. किक मारावी तर पाय लोण्यात शिरल्यासारखा खाली जाई. कम्प्रेशन नावाला उरले नव्हते. नव्या शालूतली बायको रस्त्याच्या कडेला, हातात फराळाचा डबा, आणि मी गाडी उलटी वळवून उताराने ढकलतो आहे, असे ते दिवाळीचे दृश्य होते.

ओवळ्याच्या अलीकडे पत्र्याचे एक गॅरेज होते. दार बंद. मिस्त्री बाहेर खाटेवर स्वच्छ कपडे घालून बसला होता. त्याने गाडीकडे पाहिले, हाताने किक हळूच दाबून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, आज अवजाराला हात लावणार नाही. बहीण यायची आहे. गाडी ठेवून जा. उद्या-परवा उघडून बघतो." मी त्याला ओळखत नव्हतो, तो मला ओळखत नव्हता. त्याने पावती दिली नाही, मी मागितली नाही. किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि आम्ही एस.टी. पकडली. बहिणीने निरांजनात तीनदा तूप घातले होते.

रात्री झोप लागेना. गाडी गेली म्हणून नव्हे. एका मिस्त्रीने गोड बोलून गाडी बिघडवली आणि दुसऱ्यावर, केवळ त्याचीही बहीण यायची होती म्हणून, मी विश्वास टाकून आलो, याचा मेळ लागत नव्हता. आपल्याला ज्यातले कळत नाही ते ज्याला कळते त्याच्या हाती सोपवायचे; मग तो खरा की खोटा हे ओळखायचे कशाने?

या प्रश्नाचे वय मोटारसायकलीपेक्षा पुष्कळ जास्त आहे. तो घोड्याइतका जुना आहे.

महाभारतात पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहिले तेव्हा नकुलाने ग्रंथिक हे नाव घेऊन पागेत चाकरी धरली. राजपुत्राला घोड्याची निगा आणि औषधपाणी येत असे, आणि ते सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. घोड्यांच्या वैद्यकाला आपल्याकडे शालिहोत्र म्हणतात. त्यावरूनच घोड्याच्या वैद्याला सलोत्री हा शब्द आला. म्हणजे घोड्याच्या दुरुस्तीचे शास्त्र आपल्याकडे मोठे मानाचे होते.

पण शास्त्र असले म्हणून माणूस भरवशाचा असतोच असे नाही, हे कौटिल्याला पक्के ठाऊक होते. अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सांगितले आहे की, उपचारात किंवा औषधात कसूर झाल्यामुळे घोड्याचा रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड करावा. ग्राहकाच्या हक्काचे कायदे आपण अलीकडचे समजतो. पण पागेतल्या दुरुस्तीची हमी इतकी जुनी आहे. तेथे गिऱ्हाईक राजा होता, हा फरक अर्थात राहतोच.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी हिंदुस्थानच्या किनाऱ्याने गेला. त्याने आपल्या ठाण्याबद्दलही लिहिले आहे. येथील राजाने समुद्रावरच्या चाच्यांशी म्हणे असा ठराव केला होता की, लुटीतला बाकीचा माल तुमचा, पण घोडे सापडले तर ते माझे. घोड्याची किंमत या किनाऱ्यावर काय होती ते यावरून दिसते. परंतु त्याने सांगितलेली खरी मार्मिक गोष्ट दक्षिणेकडच्या तमिळ किनाऱ्याची आहे. तेथले राजे दरसाल हजारो घोडे विकत घेत आणि वर्षअखेर त्यातले फार थोडे जिवंत राहत, कारण त्यांची निगा राखणारे कोणी नव्हते. आणि का नव्हते? तर होर्मुझ, एडन वगैरे बंदरांतून घोडे विकणारे व्यापारी आपल्याबरोबर घोड्यांचे वैद्य येऊ देत नसत. घोडा मेला की नवा घोडा खपे! इथेच घोडे पेंड खाते. वस्तू विकणाऱ्याला ती फार दिवस टिकावी असे वाटेलच याची खात्री नसते. ती टिकावी असे ज्याला वाटते तो दुरुस्त करणारा, आणि त्यालाच दूर ठेवणे सोयीचे असते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच घरात आहे. शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सभासद बखरीत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच व्यवस्थेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. एक पाणी पाजणारा, एक नाल ठोकणारा. बारगिराचा घोडा सरकारी; शिलेदाराचा घोडा स्वतःचा. शिलेदार आपल्या घोड्याला जीव लावील. बारगीर लावीलच असे नाही. म्हणून सरकारने निगराणी बारगिराच्या मर्जीवर न सोडता नालबंद पागेतच ठेवला. आमच्या आजीच्या कोड्यात भाकरी करपते, पाने सडतात आणि घोडा अडतो, आणि तिन्हींचे उत्तर एकच असते: फिरवले नाही म्हणून. आजीने एवढ्यात जे सांगितले त्यावर राज्य उभे होते.

आता घोड्यावरून उतरून इंजिनावर बसू; कारण त्या भाऊबीजेला माझे जे अडले ते नालेपाशी नव्हे, झडपेपाशी.

झडप हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. हृदयाला झडपा असतात, पंपाला असतात. इंजिनातल्या झडपेला इंग्रजीवरून व्हॉल्व्ह म्हणतात आणि गॅरेजमध्ये नुसते वाल. वाफेच्या इंजिनाच्या आरंभकाळची एक दंतकथा आहे. १७१२ साली न्यूकोमेनने आपले इंजिन चालवले. त्याच्या झडपा हाताने उघडाव्या-मिटाव्या लागत. या कामावर बसवलेल्या हंफ्री पॉटर नावाच्या पोराला खेळायला जायचे होते, म्हणून त्याने दोऱ्या बांधून इंजिनाच्याच दांड्याकडून झडपा उघडवून घेतल्या! गोष्ट खरी असो वा नसो, पण तिच्यातले मर्म खरे आहे: झडपेने वेळेवर उघडावे आणि वेळेवर मिटावे, यातच इंजिनाचे सारे आयुष्य आहे.

पेट्रोलच्या इंजिनाचे चार टप्पे निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली प्रत्यक्षात उतरवले. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढायचे, वर येताना ते दाबायचे, ठिणगीने भडका उडवून पुन्हा खाली ढकलायचे आणि शेवटी जळका धूर बाहेर टाकायचा. आत घेणारी झडप एक, बाहेर टाकणारी दुसरी. १८८५ साली डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी चौकटीत असे इंजिन बसवून जगातली पहिली पेट्रोलची दुचाकी रस्त्यावर आणली. तिची आत घेणारी झडप नुसत्या ओढीने उघडे. तिला हलवायला यंत्र नव्हते. पुढे वेग वाढले तसा हा आळस चालेना. कॅम आले, पुश रॉड आले, रॉकर आले. आता पाच हजार फेऱ्यांनी चालणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप मिनिटाला अडीच हजार वेळा उघडते आणि मिटते. कापूरबावडीहून अर्ध्या तासात गायमुख गाठले तर पाऊण लाख वेळा!

यातली बाहेर टाकणारी झडप फार सोसते. सातशे अंशांच्या आसपास तापलेला धूर तिच्या अंगावरून जातो. तिला गार व्हायला मुख्य ठिकाण एकच: मिटल्यावर ती ज्या गोल बैठकीवर टेकते ती बैठक. त्या क्षणभराच्या टेकण्यातून तिची उष्णता इंजिनाच्या माथ्यात निघून जाते. विमानांच्या इंजिनांत तर झडप पोकळ करून तिच्यात सोडियम भरण्याची युक्ती सॅम हेरन या इंजिनियराने काढली. १९२७ साली लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला तो अशाच झडपांच्या भरवशावर.

पण झडपेला नीट टेकता यावे म्हणून रॉकर आणि तिचे टोक यांच्यामध्ये बारीक फट ठेवावी लागते. धातू तापला की वाढतो. फट नसेल तर वाढलेली झडप पुरती मिटत नाही. लहान गाड्यांत ही फट मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीची. या फटीमुळेच रॉकर झडपेवर आदळताना टिकटिक असा आवाज येतो. फट वाढली तर आवाज वाढतो. गाडी थोडी अशक्त होते, पण मोठे नुकसान लगेच होत नाही. फट नाहीशी झाली तर आवाज नाहीसा होतो. इंजिन गोड चालते. आणि आत झडप आपल्या बैठकीवर न टेकता लाल होत राहते, आणि एके दिवशी तिची कड जळून जाते.

सारांश, ज्या टिकटिकीला मी रोग समजलो ती प्रकृतीची खूण होती. आणि ज्या शांततेला मी बक्षीस दिले तो रोग होता.

येथे एक प्रश्न वाचकांच्या मनात येईल. इतकी साधी गोष्ट, मग मला आणि त्या दुकानातल्या पोराला कशी ठाऊक नव्हती? याचे उत्तर आपल्या दुचाकींच्या इतिहासात आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराने बुलेट पत्करली आणि १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. बुलेटला झडपा होत्या, पुश रॉड होते. जुन्या बुलेटचा मिस्त्री इंजिनाच्या उजव्या बाजूचे झाकण काढी आणि इंजिन गार असताना पुश रॉड दोन बोटांत धरून फिरवून पाही. रॉड मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मोजमाप बोटातच होते. परंतु बुलेट हे थोड्यांचे वाहन. मध्यमवर्गाच्या दारात आली ती दुसरीच मंडळी. ठाण्याच्या शेजारी भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कारखान्यात लँब्रेटा तयार होई. पुण्याजवळ आकुर्डीची बजाज, म्हैसूरची जावा, फरीदाबादची राजदूत. आणि १९७२ पासून किनेटिकची लुना. ही सारी टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनाला अशा झडपाच नव्हत्या! सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टनच वरखाली होताना झाकी आणि उघडी. मिस्त्रीने प्लग साफ करावा, कार्बोरेटर फुंकावा, कार्बन साचला की सायलेन्सर भट्टीसारखा जाळून काढावा, की झाले. तेलही पेट्रोलमध्येच मिसळायचे. वेगळे बदलण्याची भानगड नाही.

अशा रीतीने मिस्त्रींची एक पिढीच्या पिढी टॅपेटला हात न लावता उस्ताद झाली. झडपेचे ज्ञान राहिले ते बुलेटवाल्यांकडे, मोटारींच्या गॅरेजांत आणि खेड्यापाड्यांत विहिरीवरच्या डिझेल इंजिनांच्या फिटरांकडे. ही इंजिने खेड्यांत नेणाऱ्यांत किर्लोस्करांचे नाव मोठे. आणि त्या घराण्याचे मूळ पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात आरंभ केला होता तो सायकलच्या दुकानाने, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

मग १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली. लहान, किफायतशीर, फोर-स्ट्रोक. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा अर्थाची तिची जाहिरात घरोघर पाठ झाली होती. लोकांनी सांगितले त्यापेक्षा जास्त मनावर घेतले. ते पेट्रोल विसरले, आणि त्याबरोबर इंजिनातले तेलही विसरले, टॅपेटही विसरले. झडप पुन्हा लाखो घरांच्या दारात आली होती, पण तिची भाषा ना मालकाला येत होती, ना नाक्यावरच्या पोराला. दोघेही कानाने टू-स्ट्रोकचे. त्या पोराने मला फसवले असे मी त्या रात्री म्हणत होतो. पुढे माझे मत बदलले. त्याने मी मागितले ते दिले.

तिसऱ्या दिवशी मी ओवळ्याला गेलो. मिस्त्री मूळचा जुन्नरकडचा, विहिरीवरच्या इंजिनांवर हात बसलेला. गाडीचे हेड त्याने उतरवून ठेवले होते. पण एका गोष्टीने मी चकित झालो. त्याने काम पुढे केले नव्हते. "तुम्ही बघितल्याशिवाय जोडणार नाही," म्हणाला. एका थाळीत सारे सुटे भाग रॉकेलने धुऊन ओळीने मांडले होते. त्यातली एक झडप उचलून त्याने माझ्या तळहातावर ठेवली. छत्रीच्या आकाराची, आणि छत्रीची कड एका बाजूने करवतीसारखी खाल्लेली.

"टॅपेट कोणी आवळली?"

मी दुकानाचे नाव सांगितले नाही. "मीच आवाज बंद करायला सांगितले होते," एवढे म्हणालो.

मिस्त्री हसला नाही. "सगळे तेच सांगतात. आवाज घालवला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते."

मी मनात हिशेब करून गेलो होतो. हाफ इंजिन, म्हणजे बोर, पिस्टन, सारे नवे, असे तो सांगेल आणि मला मान डोलवावी लागेल. त्याने पिस्टन दाखवला, सिलिंडरमध्ये बोट फिरवून पाहायला लावले आणि म्हणाला, "याला काही झालेले नाही. फक्त एक वाल टाकायचा, बैठक घासायची." मग त्याने काळी पेस्ट लावून नवी झडप बैठकीवर दोन्ही हातांच्या तळव्यांत फिरवली, रवी घुसळावी तशी. सगळीकडून सारखा राखाडी पट्टा उमटेपर्यंत. नंतर स्प्रिंग बसवून हेड उलटे धरले, आतल्या वाटेत थोडे पेट्रोल ओतले आणि आम्ही दोघे ते पाहत बसलो. "झिरपले तर पुन्हा घासायचे." पाच मिनिटे झाली, दहा झाली, थेंब आला नाही. त्या दहा मिनिटांत तो काही बोलला नाही आणि मीही नाही. आयुष्यात मला जी थोडी शिक्षणे मिळाली त्यात त्या दहा मिनिटांची गणना मी करतो.

जोडणी झाल्यावर त्याने इंजिन फिरवून खुणेवर आणले, फिलर गेजची पाती रॉकरखाली सरकवली आणि माझ्या हाती दिली. "ओढून बघा. किंचित अडली पाहिजे, पण अडकता कामा नये." मग गाडी सुरू केली. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावले, मूठ कानाला, डॉक्टरने नळी लावावी तसे ऐकले आणि मूठ माझ्या कानाशी धरली. टिकटिक, टिकटिक.

"ही येणार," तो म्हणाला. "येऊ द्या. गार इंजिनात अशीच बारीक येत राहील. वाढली तर या. आणि बंद झाली तर लगेच या."

बिल मी धरले होते त्याच्या निम्म्यापेक्षा कमी आले. जळकी झडप त्याने वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मला दिली. जुना भाग परत देणे हा त्याचा रिवाज होता. घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, शिवणयंत्र तर अजून चालूच आहे!" मी म्हटले, "त्याचेच पैसे देऊन आलो."

अमेरिकेत १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कर्नी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी याच विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: काही वस्तूंची पारख विकत घेण्यापूर्वी होते, काहींची वापरल्यावर होते, पण दुरुस्तीचे काम असे असते की ते झाल्यावरही त्याची गरज होती की नव्हती हे गिऱ्हाइकाला कळत नाही. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच, आणि आपल्याला नाडी येत नाही. निबंध मी फार उशिरा वाचला. मला तो ओवळ्याच्या त्या थाळीपुढे आधीच समजला होता. त्यावर मिस्त्रीने काढलेला तोडगा निबंधात नाही. त्याने मला नाडी पाहायला शिकवले. पाती माझ्या हाती दिली, मूठ माझ्या कानाला लावली. गिऱ्हाईक जितके शहाणे होईल तितका आपला फायदा कमी, हा घोडेव्यापाऱ्यांचा हिशेब. तो त्याने उलटा मांडला.

घोडेव्यापाऱ्यांचा तो हिशेब अद्याप मेलेला नाही. सुटे भाग बाहेर मिळू द्यायचे नाहीत, दुरुस्तीची माहिती आपल्यापाशीच ठेवायची, उघडले तर हमी गेली म्हणायचे, ही रीत मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत पसरली, तेव्हा जगभर दुरुस्तीच्या हक्काची मागणी उठली. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ च्या जुलैत त्यासाठी एक समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. बातमी वाचली तेव्हा मला मार्को पोलोचे ते घोड्यांचे वैद्य आठवले, ज्यांना गलबतात चढू दिले गेले नाही. सातशे वर्षांनी त्यांच्यासाठी जागा होते आहे, असे म्हणायचे.

कायदा हवाच, कौटिल्यालाही तो हवा होता. पण दंडाच्या भीतीने मिस्त्री फार तर वाईट काम करणार नाही. ज्या आवाजाने गिऱ्हाईक नाराज होईल तो आवाज गाडीत तसाच ठेवण्याचे धैर्य त्याला दंडातून येत नाही. ते येण्यासाठी खरे ऐकून घेणारे गिऱ्हाईकही लागते. डॉक्टर, वकील, शिक्षक, फार काय घरातली माणसे, यांच्याशी वागतानाही आपण पुष्कळदा टॅपेट आवळून घेतो आणि घर कसे शांत चालले आहे म्हणून समाधान मानतो. माझ्या वाट्याला आलेला पहिला मिस्त्री माझ्याच हट्टाने घडलेला होता. दुसरा नशिबाने भेटला.

ते पत्र्याचे गॅरेज आता तेथे नाही. रस्ता रुंद झाला, इमारती आल्या. मिस्त्रीने काही वर्षे आतल्या गल्लीत दुकान चालवले आणि मग तो गावी गेला. मोटारसायकल मी तिच्या टिकटिकीसह सोळा वर्षे चालवली; पुन्हा हेड उघडावे लागले नाही. आता माझी नात विजेच्या स्कूटरवर बसून याच रस्त्याने कॉलेजला जाते. तिच्या गाडीला झडप नाही, टॅपेट नाही, तेल नाही. तिला मी एवढेच सांगतो की बिघडली तर जो तुला दाखवून सांगेल त्याच्याकडे ने. ती मान हलवते. तिला पटते की नाही कोण जाणे.

दरवर्षी खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर विळी, सुरी, कात्री, माझा फाउंटन पेन आणि एक पाना मांडला जातो. त्यात कड जळलेली ती झडपही असते. नातीने लहानपणी विचारले होते, "आजोबा, हे मोडके कशाला पुजायचे?" मी तिला नालबंदाची गोष्ट सांगितली होती. यंदा न सांगता तिने स्वतःच ती कपाटातून काढली, पुसली, आणि तिच्यावर झेंडूचे फूल ठेवले.